डोंगरापलीकडचा दवाखाना : नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी आरोग्य आणि समतेचा प्रश्न

स्मरणिकेत शाळेच्या गौरवाचे लेख असावेत हा शिरस्ता आम्हांला मान्य आहे. वसतिगृहाची पहिली पत्र्याची खोली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे मेळावे, शालान्त परीक्षेतील यश, अधिकारी झालेले माजी विद्यार्थी, या सर्वांवर सहकाऱ्यांनी लिहिले आहेच. संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासाचा शिक्षक म्हणून एखादा अभ्यासलेख मागितला. आम्ही विषय निवडला तो आरोग्याचा, आणि त्याचे कारण आमच्या वसतिगृहाच्या हजेरीपटात आहे.

काही वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावरून आठवीच्या वर्गात एक पावरा मुलगा दाखल झाला. हुशार, अबोल, अक्षर देखणे. परंतु पहाटेच्या कवायतीला तो वेळेवर येत नसे. थंडीच्या दिवसांत पांघरुणातून बाहेर पडणेही त्याच्या जिवावर येई. ‘हातपाय दुखतात’ एवढेच तो सांगे. आम्ही त्याला कामचुकार ठरविले. शिस्त ही आपल्या शाळेची ओळख. एकासाठी तिच्यात सूट कशी द्यावयाची, अशा विचाराने डिसेंबरातील एका सकाळी आम्ही त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या मारावयास लावल्या. तिसऱ्या फेरीत तो खाली बसला. गुडघे, पाठ आणि छाती यांतील वेदनेने तो असा विव्हळू लागला की भोवतालची मुले रडू लागली. आधी तालुक्याच्या आणि नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी काही दिवस काढल्यावर रक्ततपासणीचा कागद हाती आला. त्याला सिकलसेल होता. तो वाहक नव्हता, रुग्ण होता.

तो बरा होऊन परतला, पुन्हा वर्गात बसू लागला आणि आम्ही त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने क्षमा मागावी याचेच त्याला अधिक संकोचल्यासारखे झाले. नववीची वार्षिक परीक्षा देऊन तो घरी गेला. जूनच्या अखेरीस त्याच्या गावच्या मुलाने निरोप आणला. पहिल्या पावसात भिजून ताप आला, अंग धरले, चौघांनी बांबूला झोळी बांधून त्याला उचलले. डांबरी रस्ता लागण्यापूर्वीच सर्व संपले होते. त्याचे नाव हजेरीपटातून आम्ही आमच्या हाताने कमी केले.

हा मुलगा कशाने गेला, असे विचारले तर वैद्यकशास्त्र रोगाचे नाव सांगेल. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. ज्या रोगाची वेदना शहरातील मुलाला काही दिवस अंथरुणात ठेवते, तोच रोग डोंगरातील मुलाचा प्राण का घेतो? आमच्या मते या दोहोंमध्ये जे अंतर आहे ते निसर्गाने जितके निर्माण केले आहे त्याहून अधिक धोरणाने राखले आहे. या लेखाचा विषय तेच अंतर होय.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांच्या आसपास, आणि त्यांतील सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी. त्याच जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत हा जिल्हा महाराष्ट्रात शेवटच्या क्रमांकावर होता. तापीकाठची काळी जमीन, ऊस आणि केळी, आणि तिच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा व त्यांच्याही पलीकडे नर्मदा, असे या भूमीचे दोन भाग आहेत. जिल्हा एक असला तरी जगणे एक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली.

आपल्या शाळेत दरवर्षी सम्राट अशोकाचा धडा आम्ही मोठ्या अभिमानाने शिकवितो. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्ही व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, वाटेवर विहिरी खोदल्या, झाडे लावली. आणि हे केवळ स्वतःच्या राज्यात नव्हे, तर चोल, पांड्य आणि पलीकडील यवन राजा अंतियोक याच्या प्रदेशातही. सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य आहे, असे शिळेवर कोरून सांगणारे जगातील अगदी आरंभीच्या लेखांपैकी हा एक. परंतु त्याच अशोकाचा तेरावा शिलालेख वाचताना आम्ही दरवेळी थबकतो. कलिंगच्या पश्चात्तापाने भारलेल्या त्या लेखात राज्यातील अटवीजनांचा, म्हणजे अरण्यवासीयांचा, उल्लेख येतो, तो मात्र इशारा म्हणून : सम्राट पश्चात्ताप पावला असला तरी त्याच्यापाशी सामर्थ्य आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. यवनाच्या देशात औषधी पोहोचली आणि अरण्यात धाक पोहोचला. बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत हे लिहावे किंवा नाही, असा विचार आम्ही क्षणभर केला. परंतु तथागतांनी परंपरेवर अंधविश्वास ठेवू नका असेच सांगितले असल्यामुळे लिहीत आहोत.

राज्य डोंगरात कशासाठी चढते, हा प्रश्न पुढील काळातही उपयोगी पडतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. भिल्लांचे उठाव मोडण्यासाठी १८२५ मध्ये औट्रामच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली. १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. भारतीय वन कायद्याने जंगल सरकारचे झाले, आणि मुंबई अबकारी कायद्याने मोहाची दारू गाळण्याचा हक्क ठेकेदाराच्या भट्टीकडे गेला. ज्या अरण्यातून कंद, फळे, मोहफुले आणि शिकार मिळत होती ते बंद झाले. आणि ज्या दारूसाठी घरची फुले पुरत होती तिच्यासाठी रोख पैसा लागू लागला. पोषण तुटले आणि कर्ज जडले. पोलीस, जंगलखात्याचा शिपाई, दारूचा ठेकेदार आणि सावकार हे चौघेही वैद्याच्या कितीतरी आधी सातपुड्याची वाट शिकले होते.

आदिवासी समाज हे सारे निमूटपणे सोशीत बसला होता, असा समज कोणी करून घेऊ नये. तळोदे परिसरातील गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास हजारो भिल्लांना एकत्र करून स्नान, स्वच्छता आणि दारूबंदी यांचा संदेश दिला. आरोग्याची ही लोकचळवळ कोणत्याही सरकारी खात्याने काढलेली नव्हती. पुढे शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या जमिनी परत मिळविण्याचा लढा उभा राहिला, १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली आणि आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. पोषणाचा प्रश्न अंगणवाडीच्या खिचडीपासून नव्हे, तर जमिनीपासून सुरू होतो, हे त्या निरक्षर स्त्रियांनी आमच्यासारख्या पदवीधरांच्या आधी ओळखले होते.

आता धोरणाकडे वळू. १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये जो अहवाल दिला, तो भारतीय आरोग्यव्यवस्थेचा पाया मानला जातो. (भोर हे १८७८ सालीच नाशिकला जन्मले होते, इतिहासात असे योगायोग भेटतात.) पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, आणि आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितक्या जवळ असावी, ही त्या अहवालाची थोर तत्त्वे. त्यांतूनच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र आले. भोर समितीने तात्पुरत्या योजनेत ४० हजार लोकांमागे एक केंद्र धरले होते. पुढे हे प्रमाण सपाट प्रदेशात ३० हजारांमागे एक केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागात अनुक्रमे २० हजार आणि ३ हजार असे ठरले.

हे आकडे प्रथमदर्शनी न्याय्य दिसतात. किंबहुना आदिवासींना झुकते माप दिल्यासारखेही दिसतात. आम्ही वर्गात याचे एक साधे गणित मांडतो. शहादे तालुक्यातील ऊसपट्ट्यात ३ हजार लोक म्हणजे एक गाव. उपकेंद्र गावाच्या एका टोकाला असले तरी दुसऱ्या टोकापासून गरोदर बाई चालत दहा मिनिटांत पोहोचते, आणि नाही पोहोचली तर दारात रिक्षा उभी असते. अक्राणीत ३ हजार लोक म्हणजे अनेक पाडे. एक पाडा टेकडीवर, दुसरा नाल्यापलीकडे, तिसरा नर्मदेच्या उतारावर. प्रत्येक घर आपल्या शेतात, म्हणजे पाड्यातही घराला घर लागून नाही. उपकेंद्राची इमारत यांपैकी एका ठिकाणी असणार. बाकीच्यांसाठी ती डोंगरापलीकडेच राहणार. उपकेंद्राच्या मापात धोरणाने ५ हजारांचे ३ हजार केले, म्हणजे दोन-पंचमांश सूट दिली. केंद्राच्या मापात एक-तृतीयांश. डोंगराची उंची आणि नाल्याचा पूर या सुटीने कमी होतो काय? माणसे मोजण्याचे माप सर्वांना सारखे लावले, परंतु मोजावयास हवे होते ते पायांना पडणारे अंतर. अलीकडे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कागदपत्रांत लोकसंख्येच्या जोडीला पोहोचण्यास लागणारा वेळ हाही निकष आला आहे, आणि अर्ध्या तासाच्या चालीत उपकेंद्र असावे असे त्यात म्हटले आहे. तत्त्व योग्यच आहे. ते पाड्यावर उतरलेले मात्र आम्ही अद्याप पाहावयाचे आहोत.

या अंतराने आपल्या मराठी भाषेला एक नवा शब्द दिला आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. तेथपर्यंत रुग्णाला बांबूच्या झोळीतून आणावे लागते. वृत्तपत्रांनी तिचे ‘बांबुलन्स’ असे नामकरण केले. शब्द गमतीदार आहे म्हणून लोक हसतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी ती झोळी खांद्यावर घेतली आहे; त्यांना आम्ही या शब्दावर हसताना पाहिलेले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तळोदा-धडगाव मार्गावरील चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, तेव्हा एका आदिवासी पुरुषाने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन घाट उतरण्याचा प्रयत्न केला. ती वाचली नाही. चार दिवस सर्वत्र त्या छायाचित्राची चर्चा झाली. आणि नर्मदेकाठची गावे? सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावांना बाधा पोहोचविली; ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील. फुगवट्याच्या पाण्याने जुन्या पायवाटा गिळल्या आणि तेथे आता आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना बोटीतून फिरतो. त्या बोटीवर काम करणाऱ्या परिचारिका व कर्मचारी यांच्याविषयी आम्हांला नितांत आदर आहे. परंतु धरणाचे पाणी आणि वीज ज्यांच्या दारी गेली त्यांचा दवाखाना मात्र जमिनीवर आहे, हेही नमूद केले पाहिजे.

राज्याला इच्छा असली की अंतर किती लवकर संपते, याचेही उदाहरण याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू आढळला. पाळीव पक्ष्यांतील हा भारतातील पहिला उद्रेक. अवघ्या काही दिवसांत पथके, औषधे, संरक्षक पोशाख, देशभरातील वार्ताहर आणि वरिष्ठ अधिकारी नवापुरात दाखल झाले. ते आवश्यकच होते, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच्या थोड्याच वर्षांपूर्वी डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अभ्यासाने दाखवून दिले होते की, महाराष्ट्रातील बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत. शासनाला त्यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. कोंबड्या मेल्या तेव्हा एकूण एक मोजल्या गेल्या. पाड्यावरचे बाळ बारशापूर्वी गेले तर त्याची नोंद होईलच अशी खात्री नव्हती. कोंबडीच्या रोगाची भीती सपाटीवरच्या बाजारपेठेला होती. बाळाच्या भुकेचा संसर्ग कोणालाच होत नाही.

बालमृत्यू हा विषय आला की आम्हांला आकड्यांआधी एक घर आठवते. माता रमाई आणि बाबासाहेब यांची रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार अपत्ये बालपणीच गेली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. परदेशातील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळविलेल्या पित्याच्या घरी ही स्थिती होती. दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले की, प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलावयास हवा. कायदा १९२९ मध्ये झाला. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाची दुरुस्तीही त्यांनीच मांडली. या भाषणामागे राजरत्नाची आठवण होती, असे म्हणावयास आमच्यापाशी पुरावा नाही. इतिहासाच्या शिक्षकाने पुराव्यावाचून बोलू नये. परंतु दोन तारखा शेजारी शेजारी लिहिण्यास त्याला कोणी अडवू शकत नाही.

त्या विचाराला आज काय रूप आले आहे ते पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. केवळ सरकारी नोकरीतील स्त्रिया व अन्यत्र असा लाभ मिळविणाऱ्या वगळल्या. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली, तेव्हा ‘प्रत्येक’ या शब्दाचा अर्थ ‘पहिल्या अपत्यापुरती’ असा झाला आणि रक्कम ५ हजार ठरली. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास तिचा समावेश झाला. आता ज्या समाजात पहिली दोन बाळे जगतील की नाही याचीच शाश्वती नसते, तेथील स्त्री तिसऱ्या बाळंतपणाला कमी अशक्त असते काय? दिवाळीनंतर अक्राणी आणि अक्कलकुव्यातील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि अन्यत्र जातात. गरोदर बाई कोयता घेऊन फडात असते आणि तिचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत असते. योजना वहीपाशी वाट पाहत राहते.

योजनांची उणीव होती असे कोणी म्हणू शकणार नाही. जून १९९५ मध्ये महाराष्ट्रात नवसंजीवन योजना सुरू झाली. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य व औषधे पोहोचविणे, मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके, दाईंच्या बैठका, पाडा स्वयंसेवक, मातृत्व अनुदान, असे तिचे अनेक भाग. त्यांतील एक तरतूद आम्हांला विशेष शहाणपणाची वाटते : आजारी बालकाला दवाखान्यात दाखल केल्यावर त्याच्याजवळ थांबणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची. ज्याने ही तरतूद लिहिली त्याला आई मूल दवाखान्यातून अर्ध्यावर घेऊन का पळते, हे ठाऊक होते. घरी दुसरी मुले उपाशी असतात. आमचे कित्येक शिक्षक बंधू याला अज्ञान व अंधश्रद्धा म्हणतात, ते ऐकून आम्हांला खंत वाटते. भगताकडे लोक जातात हे खरे आहे; परंतु भगत त्याच पाड्यावर राहतो, त्यांचीच भाषा बोलतो आणि रात्री बोलावले तर येतो. डॉक्टर मराठीत विचारतो, बाई पावरीत उत्तर देते, आणि मधे कोणी दुभाषी नसेल तर दोघेही एकमेकांना मूर्ख समजून निघून जातात. २०१५ च्या अमृत आहार योजनेने गरोदर मातांना दिवसाला एक चौरस ताजे जेवण देऊ केले, पुढे बालकांना अंडी मिळू लागली. या योजनेची आम्ही मनापासून प्रशंसा करतो. मात्र भरारी पथकाच्या मूळ कल्पनेतच एक विसंगती आहे. रोग कायमचा, आणि डॉक्टर मानधनावरचा.

आदिवासी आरोग्यासाठी केंद्र शासनाने २०१३ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. अध्यक्ष पुन्हा डॉ. बंगच. देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के; हिवतापाच्या रुग्णांत त्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के आणि हिवतापाच्या मृत्यूंत सुमारे ५० टक्के. या दोन आकड्यांतील फरक विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. डास चावतो म्हणून ताप येतो. परंतु रुग्णांतील वाटा ३० असताना मृत्यूंतील वाटा ५० होतो, तो डासामुळे नव्हे. त्याच अहवालानुसार आदिवासी अर्भकमृत्यूचे प्रमाण १९८८ मध्ये हजारी ९० होते, ते २०१४ मध्ये ४४ वर आले. म्हणजे प्रगती झालीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आशाताई, अंगणवाडीताई आणि आरोग्यसेविका यांच्या पायपिटीने हजारो बाळे जगली आहेत.

कोरोनाच्या काळाचाही उल्लेख करावा लागेल. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः भिल्ल समाजातील, साक्री तालुक्यातील सामोडे गावच्या झोपडीतून वैद्यकीय पदवीपर्यंत आणि तेथून प्रशासनात आलेले. पहिली लाट ओसरली तेव्हा इतरत्र यंत्रणा सैल झाली. नंदुरबारने हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभारण्यास सप्टेंबर २०२० पासूनच प्रारंभ केला होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत मोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना या मागास जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले. आमच्या विद्यार्थ्यांनी हा अभिमान बाळगावा. पण चांगला अधिकारी बदलून जातो. व्यवस्था एका माणसाच्या संवेदनशीलतेवर उभी राहत असेल, तर ती व्यवस्था नव्हे, भाग्य होय. आणि भाग्यावर विसंबणे आपल्या धम्मात बसत नाही.

आता त्या मुलाच्या रोगाकडे परत येतो. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही त्या वेदनेची निमित्ते. आमच्या कवायतीच्या शिक्षेत यांपैकी किती गोष्टी एकत्र आल्या होत्या, हे आम्हांला नंतर उमगले. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत झाली. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांना हे ठाऊक नसेल, की विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजातही तो तितकाच रुजलेला आहे. तेव्हा ‘हा त्यांचा रोग’ असे म्हणण्याची सोय आपल्याला उरत नाही. दोष एकाच पालकाकडून आला तर मूल वाहक होते. ते सहसा निरोगी जगते आणि तीव्र हिवतापापासून त्याला काहीसे संरक्षणही मिळते. हिवतापाच्या प्रदेशात हा गुण टिकून राहिला तो यामुळेच. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

१ जुलै २०२३ रोजी, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याला बरोबर २५ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे ध्येय. आम्ही त्याचे स्वागत करतो, पण दोन शंका मांडतो. तपासणी होते, कार्ड मिळते. त्यानंतर हायड्रॉक्सियुरियाची गोळी महिन्यामागून महिना पाड्यापर्यंत येणार काय? आणि दुसरी शंका अधिक गंभीर आहे. विवाहापूर्वी कार्ड पाहावे हा सल्ला शास्त्रीय आहे. परंतु ज्या देशाने रक्ताच्या शुद्धाशुद्धतेवर हजारो वर्षे माणसांना दूर ठेवले, तेथे ‘रक्त खराब’ या दोन शब्दांना वेगळाच वास येऊ लागतो. वाहक ठरलेल्या मुलीची सोयरीक मोडल्याचे आम्ही ऐकले आहे. वाहक आणि रुग्ण यांतील फरक न समजावता कार्ड वाटणे म्हणजे नव्या अस्पृश्यतेला कागद पुरविणे होय.

१९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी विचारले होते की, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजाने शेजारच्या आदिवासींना वैद्यकीय मदत देण्याचा प्रयत्न का केला नाही; आणि त्याचे कारण जातीत शोधले होते. त्या परिच्छेदातील ‘सुधारणे’ची भाषा आज आपल्या आदिवासी बांधवांना रुचणार नाही, आणि आम्हांलाही ती जशीच्या तशी वापरावीशी वाटत नाही. प्रश्न मात्र जिवंत आहे, आणि तो आता आपल्यालाही लागू आहे. आपल्या संस्थेत आदिवासी मुले शिकतात. त्यांच्या शरीराविषयी आपण काय जाणून घेतले होते?

त्या घटनेनंतर प्रवेश-अर्जात एक रकाना वाढविला. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची सिकलसेल तपासणी होते. निष्कर्ष मुख्याध्यापक, अधीक्षक आणि पालक यांच्याखेरीज कोणालाही सांगितला जात नाही. पहाटेची कवायत हिवाळ्यात ऊन पडल्यावर होते. मैदानाच्या फेऱ्यांची शिक्षा बंद आहे. वर्ग चालू असताना पाणी पिण्यास परवानगी मागावी लागत नाही. याने शिस्त बिघडेल असे काही सहकाऱ्यांना वाटले होते, ती बिघडलेली नाही. रक्ताचे नमुने घ्यावयास येणारी आरोग्यसेविका आपलीच माजी विद्यार्थिनी आहे. ती मुलांशी पावरीत बोलते, म्हणून रडारड कमी होते.

या जूनमध्ये त्याच पाड्यावरून एक लहान मुलगा पाचवीत दाखल झाला. सोबत आई होती. अर्ज भरून झाला, अंगठा झाला, तरी ती उठेना. ती काहीतरी विचारीत होती आणि आम्हांला ते कळत नव्हते. नववीतील एका मुलीला बोलावून घेतले, तिने ऐकून सांगितले :

“सर, त्या विचारतात, इथून दवाखाना किती लांब आहे?”

दहा मिनिटे, आम्ही म्हणालो. पायी.